गोळा मागे पळतो, कारण तुम्ही पुढे चालता

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय चौतीस, वजन ७८ किलो, काम दिवसभर बसून. सर्कशीत असतो तसला चालायचा गोळा कुणाकडून तरी जुना मिळाला म्हणून घेतला. व्यास ६५ सेंटिमीटर, वजन जेमतेम सहा किलो. तीन आठवडे रोज रात्री हॉलमध्ये भिंतीला धरून सराव चालू आहे. भिंतीला हात असेपर्यंत सगळं ठीक, हात सोडला की दोन सेकंदांत गोळा मागे निसटतो आणि स्वारी भिंतीवर आदळते. "माझा तोलच वाईट आहे का? गोळा लहान पडतोय का? की वय झालं? सर्कशीत अस्वलंसुद्धा गोळ्यावर चालायची, मग मला का जमू नये?" आणि जाता जाता शेवटी: सात वर्षांची मुलगी मागे लागली आहे, तिला चढवू का?

अस्वलाचं आधी उरकते. अस्वलाला चार पाय, वर नख्या, आणि पोट जमिनीच्या जवळ. शिवाय ते काही हौसेनं शिकत नव्हतं. १९९८ साली अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या खेळांवर सरकारने बंदी आणली ते बरंच झालं. तेव्हा ती बरोबरी नको.

मी नऊ वर्षं तंबूत होते. लहानपणी मिरजेला दोरीचा मल्लखांब, मग सर्कशीत रोला-बोला, म्हणजे नळकांड्यावर फळी ठेवून तिच्यावर उभं राहतात ते, आणि मग गोळा. तंबू सोडल्याला चौदा वर्षं झाली, तेव्हापासून शिकवते. शाळेतली पोरं येतात, नाटकातली माणसं येतात, आणि तुमच्यासारखी संगणकासमोर बसून पाठ आखडलेलीही बरीच येतात. त्यामुळे तुमचं वर्णन वाचताना तुम्ही मला दिसलातच. दोन्ही तळवे भिंतीवर, ढुंगण मागे, नजर पायांशी, आणि श्वास रोखून धरलेला.

तुमचा तोल वाईट नाही. वाईट असता तर भिंतीला धरूनही उभं राहता आलं नसतं. घोटाळा दोन ठिकाणी आहे, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत.

पहिला भिंतीचा. गुळगुळीत फरशीवर भिंतीला शिडी टेकवा आणि तिचे पाय कुणी धरू नका. काय होतं? वरचं टोक भिंतीला रेटतं आणि खालचे पाय मागे सरकतात. तुम्ही रोज रात्री तेच करताय. हात भिंतीवर म्हणजे अंग थोडं पुढे झुकलेलं, आणि अंग झुकलं की तळवे नकळत गोळ्याचा माथा मागे ढकलतात. हात भिंतीवर असेपर्यंत हा रेटा दिसत नाही, कारण तुम्ही शिडीसारखे अडकून उभे असता. हात सोडला की गोळा मोकळा सुटतो. तीन आठवडे तुम्ही तोलाचा सराव केलाच नाही, भिंतीला टेकायचा केलात.

दुसरा घोटाळा पावलांचा, आणि गोळा शिकायचा म्हणजे मुख्यतः हाच सोडवायचा असतो. आत्ता उठून स्वयंपाकघरात जा. लाटणं ओट्यावर आडवं ठेवा. त्यावर हाताची दोन बोटं ठेवा, लहान मुलांना माणूस चालताना दाखवतो तशी, आणि बोटं पुढे चालवा. लाटणं मागे जाईल. आता बोटं मागे चालवा, लाटणं पुढे येईल. गोळ्याचं अगदी हेच आहे. पुढे जायचं असेल तर त्याच्या पाठीवर उलटं चालायचं. गोळा हातभर पुढे सरकला की तुम्ही त्याच्यावर हातभर मागे चाललेले असता, म्हणून तर माथ्यावर टिकता.

हे वाचायला सोपं आहे. अंगाला पटायला वेळ लागतो. जमिनीवर पुढे कलंडलो तर आपण पुढे पाऊल टाकतो, चालायला लागलो त्या वयापासून टाकत आलो आहोत. गोळ्यावर पुढे कलंडलात तर गोळा तुमच्याखाली पुढे यायला हवा, म्हणजे तुम्ही झटपट मागे पावलं टाकायला हवीत. पण ठेच लागल्यासारखं पाऊल पुढे पडतं, गोळा मागे पळतो आणि तुम्ही तोंडावर. तुमचे दोन सेकंद म्हणजे हेच: कलंडणं, चुकीचं पाऊल, खेळ खलास. वयाचा यात फारसा हात नाही. उलट मल्लखांबातून आलेल्या माझ्यासारखीलाही हे उलटं पाऊल पहिले आठ दिवस पडत नव्हतं, आणि तेव्हा मी एकवीस वर्षांची होते.

आमचे उस्ताद केरळातल्या थलश्शेरीचे होते. सर्कशीतली बरीच जुनी मंडळी तिकडचीच, आणि त्याचा धागा फिरून आपल्याकडे येतो. सांगलीकडच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. पुढे थलश्शेरीत त्यांची गाठ कीलेरी कुन्हिकण्णन या कळरीच्या, म्हणजे केरळी युद्धकलेच्या, गुरुजींशी पडली, आणि कुन्हिकण्णननी कसरतपटू तयार करायला १९०१ मध्ये तिथे शाळाच काढली. तर आमच्या उस्तादांनी मला आठ दिवस गोळ्यावर चढूच दिलं नाही. स्टुलावर बसायचं, पाय उचलून गोळ्यावर ठेवायचे आणि तळव्यांनी गोळा पुढे-मागे खेळवायचा. ते "आगे" म्हणाले की गोळा पुढे गेला पाहिजे. मी, जमिनीवर पुढे चालताना टेकलेला पाय मागे रेटतो तसे, पाय मागे ओढायचे, गोळा स्टुलाला येऊन थडकायचा. ते काही बोलायचे नाहीत, फक्त परत "आगे" म्हणायचे. आठव्या दिवशी विचार न करता पाय बरोबर फिरले, तेव्हा म्हणाले, उद्या चढ.

मी आठ दिवस लावत नाही, पण दोन दिवस हे करूनच घेते. टीव्ही बघत बघत करा, चालेल.

आता गोळ्याकडे. तो लहान पडतोय का? ६५ सेंटिमीटर चालतो. शिकायला साधारण ६० ते ७५ च्या दरम्यानचा गोळा बरा. मोठ्या गोळ्याचा माथा सपाट लागतो, पण उंची वाढते आणि उतरताना भीती वाटते. तुमची अडचण व्यासाची नाही, वजनाची आहे. सहा किलोचा गोळा ७८ किलोच्या माणसाखाली म्हणजे साबणाची वडी. जरा पाय हलला की निघाला. शिकणाऱ्याला पंधरा किलोच्या आसपासचा गोळा हवा, तो सावकाश ऐकतो आणि तुम्हाला चूक सुधारायला अर्धा क्षण जास्त देतो. कसलेल्या माणसाला हलका गोळा आवडतो, कारण तो पटकन वळतो. तुमच्याकडे नेमका त्यांच्या कामाचा गोळा आलाय.

यावर उपाय आहे. गोळ्याला कुठे तरी बूच असेल, बहुतेक फायबरच्या आणि प्लास्टिकच्या गोळ्यांना असतं. ते उघडून आत चार-पाच किलो कोरडी, चाळलेली वाळू घाला. वाळू तळाशी बसून राहते, गोळा फिरला की मागे घसरत राहते आणि ब्रेकचं काम करते. चालताना आतून सरसर आवाज येतो. शिकणाऱ्याला त्या आवाजाचाही उपयोग होतो, आवाज एकसारखा येत असेल तर पावलं एकसारखी पडताहेत. वाळू ओली नको, ढेकूळ बनून एका बाजूला चिकटते आणि मग गोळा लंगडा चालतो. तोल जमू लागला की दर आठवड्याला थोडी थोडी काढत जा. बूच नसेल तर भोक पाडायच्या फंदात पडू नका, जाड गादीवर शिका. गादीत गोळा थोडा रुततो आणि तेच काम होतं.

जुना गोळा आहे म्हणून आणखी एक बघा. फायबरचा गोळा दोन वाट्या जोडून करतात. सांध्यावरून अनवाणी तळवा फिरवा. कंगोरा लागला तर कानसून, पॉलिश पेपरने घासून सपाट करून घ्या. उघड्या पायाला तो सांधा प्रत्येक फेरीत जाणवतो आणि नवशिक्याचं पाऊल नेमकं तिथे दचकतं. मग वाळू घालायच्या आधी रिकामा गोळा सपाट फरशीवर हलकेच ढकला. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर त्या बाजूला वजन जास्त आहे. तिथे खडूची खूण करा आणि निदान माहीत असू द्या.

आणि व्यायामाचा हवा भरलेला चेंडू, ज्याला जिम बॉल म्हणतात, तो यासाठी कधीही नाही. तुम्ही विचारलं नाहीत, पण हे वाचून कुणी तरी घरातल्या त्या चेंडूवर उभा राहील. तो दबतो, डुगडुगतो, आणि फुटला तर माणूस सरळ खाली येतो.

जागेबद्दल जरा जास्त लिहिते, कारण मी हात मोडून घेतला तो जागेपायी. एका गावात एका संस्थेच्या स्नेहसंमेलनात खेळ होता. हॉल चकाचक, नवी फरशी, आणि पाहुणे येणार म्हणून कुणी तरी अर्ध्या तासापूर्वी ओल्या फडक्याने पुसलेली. मी बूट काढून नुसती नजर टाकली आणि चढले. गोळा फिरायचा सोडून घसरलाच. तो पुढे गेला, मी मागे बसले आणि डावा हात मागे टेकला. मनगट. सहा आठवडे प्लास्टर. फरशीला दोष देत बसले काही दिवस, पण तळहाताने फरशी चाचपायची राहिली होती ती माझीच चूक. तेव्हापासून कुठेही गेले तरी आधी वाकून जमिनीला हात लावते, लोकांना वाटतं नमस्कार करते.

तर हॉलची फरशी बाद. फरशीवर सतरंजी तर आणखी वाईट, गोळ्यासकट सतरंजीच सरकते. हिरवळ उत्तम. शाळेतल्या कुस्तीच्या किंवा ज्युदोच्या मॅट उत्तम. गावात तालीम असेल आणि वस्तादांनी परवानगी दिली तर हौद्याची तांबडी माती फारच छान, पण मग पाय आणि गोळा दोन्ही सारखे पुसावे लागतात. पाय उघडे आणि कोरडे हवेत. मोजे नकोत. पायाला तेल लावलेलं नको. मी पहिल्या दिवशी एरंडेल चोळलेल्या मल्लखांबावरून उतरून तशीच गोळ्याकडे गेले होते. उस्तादांनी मला माझ्याच ओढणीने सगळा गोळा पुसायला लावला.

घरातच करणार असाल तर वर बघा. ६५ सेंटिमीटरचा गोळा, त्यावर तुम्ही १७० सेंटिमीटरचे धरा, म्हणजे डोकं जमिनीपासून २३५ वर. तोल सावरायला हात वर गेले की बोटं पावणेतीन मीटरला पोहोचतात. तिथे तुमचा पंखा फिरतो आहे. गच्चीवर जा, पण कठड्यापासून दूर, मधोमध.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे. सुरुवात उतरण्यापासून करायची. ज्याला उतरायची भीती आहे त्याचं सगळं अंग वर असताना आखडलेलं राहतं. गोळा जागेवर अडवून ठेवायला एक चुंबळ करा. डोक्यावर घागर ठेवताना बायका करायच्या तशीच, फक्त मोठी: दोन जुन्या साड्या एकत्र पिळून, हात-दीड हात व्यासाचं कडं करायचं, टोकं आत खोचायची. गोळा त्या कड्यात ठेवा. काही जण मोटारीचं टायर वापरतात. टायरही गोळा धरून ठेवतं, पण गोळा टायरच्या कडांवर टेकतो, खाली जमिनीपर्यंत पोहोचतच नाही आणि उंची दहा-बारा सेंटिमीटरने वाढते. नवशिक्याला ती वाढीव उंची कशाला?

चुंबळीतल्या गोळ्यावर कुणाचा तरी हात धरून उभे राहा आणि लगेच उतरा. उडी उंच मारायची नाही, गोळ्याला लाथ मारायची नाही, नुसतं दोन्ही पायांनी एकदम खाली यायचं, गुडघे मऊ. पुढे उतरलात तर गोळा मागे जातो, मागे उतरलात तर पुढे. म्हणजे गोळा तुमच्यापासून लांबच पळतो, अंगावर येत नाही. ही एक गोष्ट कळली तरी अर्धी भीती जाते. पुढे वीस, मागे वीस. मागे उतरताना हात पाठीमागे न्यायची हुक्की येते, ती मोडा. हात छातीसमोर. माझ्याकडे चाळिशीच्या पुढच्यांना मी मनगटाचे पट्टे सक्तीने घालायला लावते, स्केटिंगवाली मुलं घालतात ते. तुम्ही चौतीसचे आहात, तरी घाला.

चढायचं कसं? गोळ्याच्या मागे उभे राहा. दोन्ही बाजूंना दोन माणसं. एक पाय गोळ्यावर ठेवा, पण माथ्यावर नाही, माथ्याच्या अलीकडे, तुमच्या बाजूला चार बोटं. त्या पायावर भार टाकत वर गेलात की गोळा स्वतःच तुमच्याखाली येतो. माथ्यावर किंवा पलीकडे पाय ठेवलात तर तो पुढे पळतो आणि तुम्ही फाकता. चुंबळ असेपर्यंत हे जाणवणार नाही, चुंबळ काढली की जाणवेल. पहिले काही दिवस गोळ्याच्या निम्म्या उंचीचा लाकडी खोका ठेवून चढलात तरी काही बिघडत नाही.

वर गेल्यावर पावलं कुठे? दोन्ही पावलांमध्ये साधारण वीतभर अंतर, चवडे किंचित बाहेर. लोक घाबरून पाय फाकवतात. ६५ च्या गोळ्यावर वीतभर अंतर ठेवलं तर प्रत्येक पाऊल जेमतेम सतरा-अठरा अंशांच्या उतारावर असतं. तेच फूटभर फाकवलंत की उतार सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचा होतो, आणि घामेजलेला पाय तिथे टिकत नाही. गुडघे सैल. नजर समोर, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर एखादी खूण ठरवा. खिडकीची चौकट, झाडाची फांदी, काहीही. पायांकडे पाहिलंत की डोकं झुकतं, डोक्यामागे खांदे, आणि मग पुन्हा तीच शिडी.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गोळ्यावर उभं राहायचं नसतं. "मला आधी नुसतं उभं राहता येऊ दे, मग चालतो" असं सगळे म्हणतात आणि इथेच अडकतात. स्थिर उभं राहणं हा गोळ्यावरचा अवघड प्रकार आहे, तो नंतरचा. चालणं त्यापेक्षा सोपं, सायकलसारखं. चढल्या क्षणापासून पाय हलते ठेवायचे, चिमणीची पावलं, जागच्या जागी. टाच कधी पूर्ण टेकते, कधी नाही. पिकासोने १९०५ साली गोळ्यावर उभ्या असलेल्या एका सडपातळ मुलीचं चित्र काढलंय, समोर एक आडदांड माणूस चौकोनी ठोकळ्यावर बसलाय. चित्र सुंदर आहे, पण ती पोरगी पाय जुळवून, हात वर करून स्तब्ध उभी आहे. तसं करू बघाल तर त्या ठोकळ्यावर बसायची पाळी येईल.

आता भिंतीऐवजी काय? शक्य असेल तर व्यायामशाळेतला उंच डबल बार. जमिनीवर उभं राहिल्यावर जो तुमच्या खांद्याशी येतो, तो गोळ्यावर चढलात की खाली सोडलेल्या हातांच्या पंजाशी येतो. दोन्ही बाजूंना आहे म्हणून सुरक्षित, आणि इतका खाली आहे की त्यावर रेलता येत नाही, फक्त शिवता येतं. मधली जागा गोळ्याला पुरते का ते आधी मोजा आणि खाली मॅट घाला. बार नसेल तर दोन माणसं, एकेका बाजूला. त्यांनी तळहात वर करून हात पुढे धरायचे, तुम्ही त्यावर तळहात पालथे ठेवायचे. त्यांनी तुमचा हात घट्ट पकडायचा नाही. घट्ट पकडणारा मदतनीस ही दुसरी भिंत होते. मी तर मदतनिसाच्या तळहातावर कागदाचा कपटा ठेवते. त्या कपट्यावरून हात नुसता घसरत राहिला पाहिजे, कपटा दाबला गेला की समजायचं टेकू घेतला. बायको किंवा मित्र असे उभे राहणार असतील तर त्यांना एक नक्की सांगा: पडायला लागलो तर ओढू नका, उतरू द्या.

चुंबळीत तीसेक सेकंद पावलं जमली की चुंबळ काढा आणि गादीवर किंवा हिरवळीवर या. इथून उलटं चालणं सुरू. मदतनिसांच्या हातावर हात, चिमणीची पावलं मागे, गोळा पुढे. पावलं दहा-बारा सेंटिमीटरच्या वर नकोत. ६५ च्या गोळ्याचा घेर दोन मीटरच्या जरा वर जातो, म्हणजे एका पूर्ण फेरीला सतरा ते वीस पावलं. मोजा. दहा पावलांत फेरी होत असेल तर तुम्ही ढांगा टाकताय. पहिल्या दिवशी एक फेरी झाली तरी पुष्कळ. वेग वाढायला लागला की लोक घाबरून थांबतात, आणि थांबले की पडतात. गोळा हळू करायचा तर उतारावरून धावत येताना आपण अंग मागे टाकून आवरतो, तसंच मनात धरायचं, फक्त पायांचा हिशेब उलटा: क्षणभर पावलं जरा पुढे टाकायची, मग पुन्हा जागच्या जागी. हे लिहून कळणार नाही. पाचव्या-सहाव्या वेळी पायांना कळेल.

वळणं आणि बाजूला चालणं मी इथे लिहीत नाही. सरळ पाच मीटर विनाआधार जमल्यावर ते बघू, आत्ता वाचून डोक्यात गुंता होईल.

किती दिवस लागतील? माणसावर आहे. मल्लखांब किंवा भरतनाट्यम केलेली पोरं तीन-चार बैठकांत चालतात. दिवसभर बसून काम करणाऱ्या मोठ्या माणसाला माझ्या अनुभवात दीड-दोन महिने लागतात, आठवड्यातून तीन वेळा, वीस-पंचवीस मिनिटं. त्यापुढे नको, पोटऱ्या भरून आल्या की पावलं जड पडतात आणि तिथेच माणूस पडतो. तुम्ही रोज रात्री करताय, त्याऐवजी एक दिवसाआड करा. चक्कर येण्याचा, कानाचा त्रास असेल, गुडघ्याचं किंवा घोट्याचं जुनं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. हे मी सगळ्यांनाच सांगते आणि कुणी ऐकत नाही. घोट्याला आधी मुरड येऊन गेलेली असेल तर निदान दोन महिने दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावा, मग चढा.

तर येत्या आठवड्यापुरतं: भिंत सोडा, गोळ्यात वाळू घाला, चुंबळ करा, स्टुलावर बसून पायांना उलटी चाल शिकवा आणि चाळीस वेळा उतरा. चालायचं पुढच्या आठवड्यात.

राहिली मुलगी. सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घाला, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सरकारला सांगितलं, आणि तंबूतल्या लहान पोरांचे हाल पाहिलेल्या मला त्याचा आनंदच झाला. घरी खेळ म्हणून शिकणं ही वेगळी गोष्ट. सात वर्षांच्या मुलीला चढवायला हरकत नाही, पण तुमच्या गोळ्यावर ती कमरेएवढ्या उंचीवरून खाली बघणार, त्यामुळे आधी बरेच दिवस चुंबळीतच. तिला बगलेत धरून उचलून वर ठेवू नका. स्वतः चढायला आणि स्वतः उतरायला आलं तरच वर. गोळा एरवी कपाटात किंवा गॅलरीत बंद ठेवा, नाही तर तुम्ही ऑफिसात असताना ती एकटी फरशीवर चढेल. आणि तिने तुमच्याआधी पाच मीटर पार केले तर तोंड वाकडं करू नका. पोरांच्या पायांना पुढे चालायची सवय तुमच्याइतकी मुरलेली नसते. माझ्या वर्गात दर उन्हाळ्यात कुठला ना कुठला बाप मुलीच्या हातावर तळहात पालथा ठेवून शिकत असतो. ती खाली चालत असते, तो वर, आणि ती सारखी ओरडत असते, "बाबा, मागे! मागे!"